सिक्स-जी परीक्षेची तयारी: चिपळूणजवळच्या एका वेल्डिंग वर्गाविषयी

लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत, जयगड-दाभोळ परिसरातल्या वीजप्रकल्पांत किंवा थेट आखाती देशांत पाइप वेल्डर म्हणून जाऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सिक्स-जी येतं का?’ सिक्स-जी म्हणजे तिरक्या बांधलेल्या, न फिरणाऱ्या पाइपच्या वेल्डिंगची परीक्षा. आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड केलेला असो, की गेट, ग्रिल आणि पत्र्याच्या शेडची कामे करून हात बसलेला असो, या प्रश्नापाशी बरेच जण अडतात. चिपळूणजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशन शेडमध्ये या परीक्षेची तयारी करून घेणारा खासगी वर्ग चालतो. मी तो अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण इथे लावलेले निकष कोणत्याही वर्गाला लावून पाहता येतील.

या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू ही, की प्रमाणपत्राविषयी तिथे कोणाचीही दिशाभूल केली जात नाही. शिकवणाऱ्या सरांनी अनेक वर्षे प्लांटमध्ये पाइपलाइनचे काम केले आहे, आणि ते प्रवेश घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगतात की अभ्यासक्रम संपल्यावर मिळणारा कागद हा फक्त प्रशिक्षण घेतल्याचा दाखला आहे. वेल्डरची खरी पात्रता ठरते ती एका निश्चित डब्ल्यूपीएसप्रमाणे, म्हणजे वेल्डिंगची पद्धत, धातू, रॉड आणि करंट लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे, जोडलेल्या टेस्ट पीसवर. बहुतेक ठिकाणी एएसएमई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या ज्या सेक्शन नाइन संहितेनुसार ही परीक्षा होते, तिच्यात वेल्डरला पात्र ठरवण्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्या कंपनीची असते. त्यामुळे नवी कंपनी पुन्हा टेस्ट घेते तेव्हा तो आपला अपमान नसून तिचे कर्तव्यच असते. ‘सर्टिफिकेटसह नोकरीची हमी’ अशा पाट्या पाहून पैसे भरणाऱ्या पालकांना हे कोणीतरी आधी सांगायला हवे, आणि या वर्गात ते सांगितले जाते.

शिकवण्याचा क्रम योग्य आहे. आधी प्लेटवर उभा आणि डोक्यावरचा जोड, म्हणजे थ्री-जी आणि फोर-जी, आणि तिथे हात स्थिर झाल्याशिवाय पाइप हातात मिळत नाही. सिक्स-जीमध्ये पाइप ४५ अंशांत तिरका बांधलेला असतो आणि तो फिरवता येत नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचे असते. म्हणून एकाच जोडात आडवे, उभे आणि डोक्यावरचे असे सगळे वेल्डिंग येते, आणि म्हणूनच या एका परीक्षेत उतरलेला वेल्डर खोबणीच्या जोडांसाठी सर्व पोझिशनमध्ये पात्र धरला जातो.

सरांचा सगळा भर रूटवर, म्हणजे जोडाच्या तळाच्या पहिल्या थरावर असतो, आणि तो योग्यच आहे. बेव्हल, म्हणजे पाइपची तिरकी कापलेली कड, ग्राइंडरने घासून टोकाला दीड मिलिमीटरच्या आसपास जाडी ठेवायची, दोन तुकड्यांमध्ये साधारण तीन मिलिमीटरची फट सोडून टॅक, म्हणजे तात्पुरते टाके, मारायचे, आणि मग खालून, घड्याळातल्या सहाच्या जागेवरून, आर्गॉनने, म्हणजे आर्गॉन वायूच्या आवरणातल्या टिग वेल्डिंगने, रूट चढवायला सुरुवात करायची. काचेतून पाहायचे ते आर्कच्या झगझगाटाकडे नव्हे, तर वितळलेल्या धातूच्या पुढे दोन्ही कडा खाऊन तयार होणाऱ्या छोट्या भोकाकडे. ते भोक एकसारखे राहिले तर आतून रूट भरून येते, मिटले तर कडा वितळल्याच नाहीत असे समजायचे, आणि मोठे झाले तर धातू आत ओघळणार. सर शेजारी उभे राहून आपल्याबरोबर तेच भोक पाहतात आणि ‘वरची कड सुटतेय’ एवढेच म्हणतात. एरवी ते हाताला हात लावत नाहीत. रॉड बदलताना किंवा अंग वळवताना जिथे थांबावे लागते, तिथला शेवट ग्राइंडरने उतरता करून मगच पुढची सुरुवात करायला लावतात, कारण एक्स-रेमध्ये दोष सापडतात ते बहुतांशी या थांबण्याच्या जागी. कॅपच्या, म्हणजे सर्वांत वरच्या थराच्या वेळी धातू खालच्या बाजूला उतरतो आणि वरच्या कडेला अंडरकट, म्हणजे कडेलगतची खाच, पडतो, म्हणून तिथे रुंद झोके न देता एकावर एक बारीक पट्टे टाकायची सवय लावली जाते.

सरावाला सहा इंची शेड्यूल ८० चा पाइप मिळतो, ज्याची जाडी १०.९७ मिलिमीटर असते, आणि शेवटच्या टप्प्यात दोन इंची जाड पाइपही दिला जातो. हा दुसरा पाइप छोटा म्हणून काहीजण नाक मुरडतात, पण तो मुद्दाम ठेवलेला आहे. ७३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या व्यासाच्या पाइपवर टेस्ट दिली तर ७३ मिलिमीटरहून लहान पाइपसाठी पात्रता मिळत नाही. दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर असल्याने त्यावरची टेस्ट २५ मिलिमीटरपासून पुढच्या सगळ्या व्यासांना चालते. कारखान्यात लहान पाइपचेही बरेच काम असते, त्यामुळे हे आधी कळलेले बरे.

बेंड टेस्ट वर्गातच करून दाखवली जाते, आणि मला तरी हा भाग सर्वांत मोलाचा वाटला. जोडातून चार पट्ट्या कापतात, त्यांतील दोन रूट बाहेरच्या बाजूला ठेवून आणि दोन कॅप बाहेरच्या बाजूला ठेवून हायड्रॉलिक जॅकवर यूच्या आकारात वाकवतात. ताणलेल्या पृष्ठावर कोणत्याही दिशेने तीन मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली तर पट्टी नापास. वरून सुंदर दिसणारा कॅप आणि आतून न जुळलेला जोड यांतला फरक डोळ्यांसमोर उघडतो. त्यानंतर विद्यार्थी कॅपच्या चकाकीवर वेळ घालवणे आपोआप कमी करतात.

आता उणिवा. ई-७०१८ हा लेप असलेला वेल्डिंग रॉड ओलाव्याला अतिशय संवेदनशील असतो. ओलावा शोषलेल्या रॉडमुळे जोडात हायड्रोजन जातो, सुरुवातीला बारीक भोके पडतात आणि नंतर तडा जाण्याचा धोका राहतो. म्हणून तो साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला तास-दोन तास भाजून, मग शंभर अंशांच्या वर गरम ठेवून, लागेल तसा काढायचा असतो. कोकणातल्या हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, ही शिस्त दुप्पट कडक हवी. इथे मात्र भाजण्याचा एकच ओव्हन आहे, प्रत्येकाच्या जागेपाशी ठेवायचे छोटे ओव्हन पुरेसे नाहीत, आणि दुपारी काढलेले रॉड संध्याकाळपर्यंत उघड्या डब्यात पडलेले मी अनेकदा पाहिले. शिकवताना जे सांगितले जाते, तेच शेडमध्ये पाळले जात नाही, ही गंभीर गोष्ट आहे, कारण ज्या टेस्टला विद्यार्थी जाणार तिथला इन्स्पेक्टर रॉड कुठून काढला हेही पाहतो.

दुसरी उणीव कागदाची. डब्ल्यूपीएस दाखवला जातो, पण तो वाचून स्वतः करंट, पोलॅरिटी (धन-ऋण जोडणी) आणि रॉडचा व्यास ठरवण्याचा सराव फारच थोडा होतो. टेस्टच्या दिवशी कागद समोर येतो आणि चांगला हात असलेली मुले तिथे गोंधळतात. बॉयलरच्या वाफेच्या पाइपसाठी १९५० च्या भारतीय बॉयलर विनियमांनुसार वेगळी पात्रता लागते आणि ती बाष्पके संचालनालयामार्फत होते, हेही ओझरते सांगून सोडून दिले जाते. लोट्यासारख्या ठिकाणी, जिथे बॉयलर असलेले कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत, त्यावर एक पूर्ण दिवस द्यायला हरकत नाही. उलट, ज्या पद्धतीची पात्रता मिळवली ती पद्धत सहा महिने वापरली नाही तर पात्रता संपते, हे मात्र ठसवून सांगितले जाते आणि प्रत्येकाला कामाची नोंदवही ठेवायला लावतात. पावसाळ्यात आपल्याकडची उघड्यावरची कामे थांबतात, त्यामुळे आर्गॉन आणि रॉड या दोन्ही पद्धतींची नोंद वेगवेगळी ठेवण्याची सूचना फार उपयोगी पडली.

शेड हवेशीर आहे, मशिन डीसी इन्व्हर्टरची आहेत, काचा दहा-अकरा नंबरच्या आणि स्वच्छ मिळतात. घामाने भिजलेले हातमोजे बदलायला लावतात, शॉक टाळण्यासाठी ते आवश्यकच आहे. संध्याकाळच्या बॅचला शेजारचे युनिट सुरू झाले की व्होल्टेज पडते आणि आर्क डळमळतो, म्हणून सकाळची बॅच मिळत असेल तर तीच घ्यावी.

फीमध्ये पाइप, रॉड आणि आर्गॉन धरलेले आहे, परंतु पाइपचे किती तुकडे मिळतील हे पावतीवर लिहिलेले नसते. शेवटच्या टप्प्यात तुकडे संपले तेव्हा त्यावरून वाद झाला आणि सरांनी स्वतःच्या खर्चाने पाइप आणून तो मिटवला. तरीही प्रवेश घेताना तुकड्यांची संख्या लिहून घ्यावी, जाड भिंतीचा दोन इंची पाइप त्यात आहे ना हे विचारावे, आणि शक्य असल्यास पावसाळा टाळून दिवाळीनंतरच्या बॅचला नाव नोंदवावे.