विशेष मुलांना घेऊन ठाणे खाडीवर: ऐरोलीच्या केंद्राविषयी

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य पाहायला जाणारी बहुतेक मंडळी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात येतात, बोटीत बसतात आणि गुलाबी पक्ष्यांची छायाचित्रे घेऊन परततात. मी ठाण्यातील एका विशेष शाळेत शिकवते. आमच्या वर्गात स्वमग्न मुले आहेत, बौद्धिक अक्षमता असलेली मुले आहेत आणि मेंदूच्या पक्षाघातामुळे चाकाच्या खुर्चीवर बसणारीही आहेत. असा वर्ग घेऊन तिथे गेल्यावर माझे मत असे झाले आहे की, आपल्या मुलांसाठी बोट दुय्यम मानावी आणि सहलीचा दिवस व वेळ कांदळवनातून जाणाऱ्या लाकडी पायवाटेच्या सोयीने ठरवावी.

हे केंद्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाने खाडीच्या पूर्व तीरावर उभारले आहे. अभयारण्य समोरच्या पश्चिम बाजूला, ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या दरम्यान आहे. २०१५ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर असून त्यातील निम्म्याहून अधिक भाग कांदळवनाचा आहे. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. ठाण्याहून बसने फार वेळ लागत नाही, आणि ज्यांच्या वर्गात प्रवासात अस्वस्थ होणारी मुले आहेत त्यांना एवढी एक गोष्टसुद्धा पुरेशी वाटेल.

निसर्गसहलीतील आमची जुनी अडचण आवाजाची आहे. पूर्वी दुसऱ्या एका अभयारण्यात आमच्या वाटाड्याने मुलांना इतक्या वेळा गप्प राहायला सांगितले की, अर्ध्या वाटेवरच सोबतच्या मावशी मुलांना घेऊन परत फिरल्या. त्याचेही अगदीच चुकले असे म्हणता येणार नाही, कारण जंगलात पक्षी पाहायचे तर शांतता हवी. परंतु जो मुलगा सतत गुणगुणतो, किंवा जी मुलगी आनंद झाला की किंचाळते, त्यांना शांतता पाळायला सांगणे म्हणजे तिथून निघून जायला सांगण्यासारखेच असते. कांदळवनातील चिखलावर मात्र वेगळा नियम चालतो. तिथले छोटे खेकडे माणसाच्या बोलण्यापेक्षा हालचालीला आणि जमिनीच्या थरथरीला लवकर बिचकतात. सावली हलली किंवा फळीवर पाय आपटला की सगळे क्षणात बिळात शिरतात, आणि माणूस स्थिर उभा राहिला तर थोड्या वेळाने पुन्हा बाहेर येतात. आमच्या वर्गातील कितीतरी मुलांना गप्प राहता येत नाही, पण एका जागी उभे राहणे त्यांना उत्तम जमते. काहींना तर तिथून हलवणेच कठीण असते.

एकच सुराची ओळ दिवसभर घोळवणारा आमचा एक विद्यार्थी पायवाटेच्या कडेला उभा होता. त्याचे गुणगुणणे चालूच होते. खाली चिखलात आधी एक, मग चार-पाच आणि पाहता पाहता सगळीकडे खेकडे वर आले. फिडलर खेकड्याच्या नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी वाटावी एवढी असते आणि ती तो ठरावीक लयीत वर-खाली करतो. आमच्या विद्यार्थ्याने काही वेळ ते पाहिले आणि उजवा हात कोपरातून वाकवून तसाच वर-खाली करायला सुरुवात केली. समोरच्याचे अनुकरण करणे हे त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यातील उद्दिष्ट आहे, आणि वर्गात आरशासमोर बसवून त्यासाठी आम्ही किती खटपट करतो ते आमचे आम्हालाच ठाऊक.

खेकड्यांखेरीज तिथे चिखलावर उड्या मारत सरकणारी निवटी दिसते. माशाने पाण्याबाहेर हिंडावे याचे मोठ्यांना जितके आश्चर्य वाटते तितके मुलांना वाटले नाही. तिवर या कांदळवनातील झाडाची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात, आणि मोजण्याची आवड असलेल्या मुलांना ती पुरून उरतात. तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण साठतात, कारण मुळांतून आत आलेले जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. पायवाटेलगतच्या पानावरून बोट फिरवले की ती खरखर जाणवते. आम्ही पान तोडू दिले नाही आणि बोट जिभेलाही लावू दिले नाही. खाडीचे पाणी काही शुद्ध नाही. प्रत्येकाचे हात लगेच पुसून घेतले, आणि वर्गात परतल्यावर जाड्या मिठाची वाटी समोर ठेवून चव दाखवली.

वासाची कल्पना मात्र आधीच द्यायला हवी. कांदळवनाच्या चिखलात प्राणवायू फार कमी असल्यामुळे तिथे वाढणारे जिवाणू सडक्या अंड्यासारखा वास असलेला वायू तयार करतात, आणि ओहोटीला तो चांगलाच जाणवतो. ज्या मुलांना वास सहन होत नाहीत त्यांच्यासाठी आम्ही ओळखीच्या साबणाने धुतलेले रुमाल नेले होते. एका मुलीला तेवढ्याने भागले नाही आणि तिने उरलेला वेळ केंद्राच्या आतील माहिती दालनात घालवला. बाहेर नको वाटले तर जायला बंद, सावलीची जागा हाताशी असणे हा या केंद्राचा मोठा गुण आहे.

आता वेळेविषयी. चिखल दिसण्यासाठी ओहोटी लागते आणि बोट चालण्यासाठी पुरेसे पाणी, त्यामुळे बोटफेरीच्या वेळा रोज बदलतात. भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते हा आपल्याकडचा जुना हिशोब इथे कामाला येतो. पंचमीला भरती पावणेचारच्या आसपास येते, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी असते आणि शाळेच्या वेळेला ती नेमकी जुळते. अष्टमीला तीच ओहोटी भर दुपारी बाराला येते, जी आपल्या मुलांच्या उपयोगाची नाही. खाडीत आत पाणी थोडे उशिरा चढते-उतरते, म्हणून छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून आणि केंद्राला फोन करून खात्री करून घ्यावी. एकाच दिवशी पायवाट आणि बोट दोन्ही साधायचे म्हटले की मध्ये थांबणे आले, आणि वाट पाहण्याइतकी अवघड गोष्ट आमच्या वर्गाला दुसरी नाही. दोन वेगळ्या सहली कराव्यात हे बरे.

बोटफेरी वाईट आहे असे मुळीच नाही. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत खाडीत रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने असतात, आणि लहान रोहितांचा थवा एकदम उडाला की पंखांखालचा लाल रंग नजरेत भरतो. परंतु बसलेला थवा पुष्कळदा लांब असतो. दुर्बीण वापरायला दोन्ही हात स्थिर हवेत आणि नजर एका ठिकाणी टिकायला हवी. आमच्यातील निम्म्या मुलांना ती धरताच येत नाही. मोबाइलवर जवळचे छायाचित्र काढून दाखवले तर काहींना तो पक्षी आणि समोरची गुलाबी रेघ यांचा संबंध लागतो, काहींना लागत नाही. शिवाय इंजिनाचा आवाज असतो आणि लाइफ जॅकेट घालावेच लागते. अंगाला घट्ट बसणारे जॅकेट काही स्वमग्न मुलांना शांत करते, तर काहींना ते क्षणभरही सहन होत नाही. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंच्या सल्ल्याने आम्ही आठवडाभर आधी वर्गात जॅकेट आणून ते घालण्याचा सराव घेतला, आणि ज्यांनी ते काढून फेकले त्यांना बोटीच्या यादीतून वगळले.

चाकाच्या खुर्चीवरील मुलांसाठी पायवाट सोयीची ठरली. फळ्यांवरून जाताना खुर्ची खडखडते. एकाला त्याचीच गंमत वाटली, दुसऱ्याला दचकायला होत होते म्हणून सोबतच्या दादांनी वेग अगदी कमी ठेवला. बोटीचे तसे नाही. पाण्याच्या पातळीनुसार धक्का आणि बोट यांतील उंची बदलत राहते, त्यामुळे मुलाला उचलून घ्यावे लागेल असे धरूनच चालावे, आणि मूल मोठे असेल तर त्याचा मोह टाळावा. स्वच्छतागृहाची नेमकी सोय काय आहे हे फोनवरच विचारून घ्यावे. मोठ्या मुलाला आडवे करून त्याचे डायपर बदलता येईल अशी जागा मला आजवर एकाही अभयारण्यात आढळलेली नाही; आम्ही बसच्या मागच्या सीटवर चादर आणि पडदा घेऊनच निघतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मनोरंजनाच्या हक्काचे स्वतंत्र कलम आहे, पण कलमाला पडदा लावता येत नाही.

केंद्रातील मार्गदर्शकाला आम्ही आधीच सांगून ठेवले होते की, एका वेळी एकच गोष्ट दाखवावी, छोटी वाक्ये बोलावीत आणि मुलांकडून उत्तराची अपेक्षा धरू नये. त्यांनी ते मनापासून पाळले. झाडांची नावे सांगण्याऐवजी त्यांनी पायवाटेवर उकिडवे बसून बोटाने बिळे दाखवली, आणि मुले आपापल्या वेगाने त्यांच्या शेजारी येऊन बसली.

जाण्यापूर्वी मुलांना चित्र-वेळापत्रक अवश्य दाखवावे: बस, दार, पायवाट, खेकडा, डबा, बस. त्यात रोहित पक्ष्याचे चित्र लावू नये, कारण चित्रात आहे ते दिसलेच पाहिजे असा काही मुलांचा आग्रह असतो आणि पक्षी आपल्या मर्जीचे असतात. खेकड्यांबाबत ती जोखीम फार कमी आहे. महिने डिसेंबर ते फेब्रुवारी हेच धरावेत; मार्चनंतर दहा वाजताच ऊन चटके देऊ लागते. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारे मलम न्यावे, मात्र नवे मलम त्या दिवशी पहिल्यांदाच लावू नये. दोन मुलांमागे एक मोठे माणूस हे प्रमाण पायवाटेवर पुरते. बोटीत प्रत्येक मुलामागे एक हवेच, आणि तेवढी माणसे मिळत नसतील तर बोटीचे पैसे भरू नयेत.