मँचेस्टरच्या ईस्ट डिड्सबरीत चौदा महिने राहून झाले, आता एरियाबद्दल खरं खरं सांगते

आधी पाण्याबद्दल. हसू नका, लंडनला तीन वर्षं किटली खरवडून काढलीत म्हणून सांगते. तिथे पाणी इतकं जड की चहावर तवंग यायचा. मँचेस्टरला पाणी लेक डिस्ट्रिक्टमधनं येतं, थर्लमिअर तलावातनं १८९४ पासून, दीडशे किलोमीटरवरून, आणि तेही पंप न लावता नुसत्या उतारावर! एकदम हलकं पाणी, तूरडाळ लोण्यासारखी शिजते. आई सांगलीहून तीन महिने आली होती, तिला ह्या गावातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर नळाचं पाणी.

दुसरं म्हणजे स्वतःच्या गाडीची गरज लागत नाही. आम्ही नोव्हेंबर २०२४ मध्ये आलो तेव्हा नवरा रोज रात्री सेकंडहँड गाड्या बघत बसायचा, अजून घेतलेली नाही. ट्रॅमचा शेवटचा स्टॉप आपलाच, त्यामुळे सकाळी बसायला जागा नक्की, पंचवीसेक मिनिटांत सेंट पीटर्स स्क्वेअर, म्हणजे शहराच्या मध्यात. ही लाइन म्हणजे जुनी रेल्वे, १९६७ ला बंद पडलेली, त्याच जागेवर २०१३ मध्ये ट्रॅम आली. डिड्सबरी व्हिलेजमध्ये जुन्या स्टेशनाबाहेरचं घड्याळ अजून उभं आहे, स्टेशन मात्र गायब. एअरपोर्टला जायला वेगळी ट्रेन आहे, मोठ्या बॅगा घेऊनसुद्धा टॅक्सी करावी लागत नाही. बस जानेवारी २०२५ पासून पिवळ्या झाल्या, २०२५ मध्ये तिकीट २ पौंड होतं आणि तासाभरात कितीही बस बदलता यायच्या. फक्त ट्रॅममधून उतरल्यावर कार्ड परत टॅप करायला विसरू नका, मी दोनदा विसरले आणि जास्तीचे पैसे गेले, चूक माझीच.

किराणा: रोजचं दूध-ब्रेड-भाजी चालत जाऊन आणतो. पण जाडे पोहे, ज्वारीचं पीठ, ताजा कढीपत्ता पाहिजे असेल तर १४२ नंबरची बस पकडून रशोमला जायचं. करी माइल म्हणतात त्याला, पण आता तिथे करीपेक्षा कबाब आणि शोर्माच जास्त दिसतो, तरी किराणा मालाची दुकानं चांगली आहेत. येताना दोन पिशव्या आणि खिडकीची सीट मिळाली की मला तर कोथरूडहून मंडईला जाऊन आल्यासारखं वाटतं. रविवारी मोठी सुपरमार्केटं सहाच तास उघडी असतात, कायदाच आहे तसा, पहिल्या महिन्यात पाच वाजता बंद दारासमोर उभी राहिलेय मी.

फ्लेचर मॉस पार्क म्हणजे जीव की प्राण. चढणीवर दगडांतली बाग आहे, बाकावर बसून आई रोज पक्षी मोजायची. नंतर कळलं की त्याच पार्कातल्या घरात एमिली विल्यमसन बाईंनी १८८९ मध्ये टोप्यांत पिसं खोचायच्या फॅशनविरुद्ध बायकांना गोळा केलं आणि त्यातून आजची आरएसपीबी ही पक्षी वाचवणारी संस्था उभी राहिली. आईला सांगितलं तर म्हणाली, "बघ, मी उगाच नव्हते बसत तिथे."

आता वाईट बाजू, आणि ही घर बघताना कोणीच सांगत नाही. पार्काच्या खालच्या अंगाला मर्सी नदी आहे. आम्हाला येऊन सहा आठवडे झाले नाहीत तोच १ जानेवारी २०२५ ला नदी फुगली, डिड्सबरीतल्या एका हॉटेलातल्या लोकांना बाहेर काढावं लागलं. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण सांगलीच्या माणसाला पूर म्हटलं की पोटात गोळा येतो, कृष्णेचं पाणी बघितलंय ना. पूर चढला की इथे नदीवरचे दरवाजे उघडून पाणी मुद्दाम काठच्या सखल मैदानांत सोडतात, तो सगळा भाग मग तळं होतो, घरं वाचतात. तरीपण डिपॉझिट भरायच्या आधी सरकारी साइटवर पोस्टकोड टाकून पुराचा धोका बघाच, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. आम्ही बघितलं नव्हतं. एजंटनं ट्रॅम स्टॉप किती जवळ ते तीनदा सांगितलं, नदीचं नाव काढलं नाही.

एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतला, डेंटिस्ट मिळाला नाही, चार ठिकाणी फोन केले, शेवटी प्रायव्हेटला पैसे मोजले. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवणं मात्र सोपं गेलं. भाडं शहराच्या इतर बऱ्याच भागांपेक्षा जास्त, वर काउन्सिल टॅक्स, म्हणजे घराचा स्थानिक कर, वेगळा, तो हिशोबात धरत नाहीत लोक आणि मग एप्रिलमध्ये डोळे पांढरे होतात. आणि डिसेंबर! दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, पाऊस बारीक पण दिवसभर, छत्री उलटीच होते, सरळ चांगला रेनकोट घ्या. त्या दिवसांत लायब्ररीनं वाचवलं मला, १९१५ ची जुनी इमारत आहे, आत उबदार, कोणी उठवत नाही.

लीज मार्चमध्ये संपतंय. घर डिड्सबरीतच शोधतोय, फक्त ह्या वेळी नदीपासून जरा लांब, चढावर. नवऱ्याला पार्किंग असलेलं हवंय, गाडी नसताना.