सुटकेनंतर: ‘उनागी’ की ‘सुबाराशिकी सेकाई’?

तुरुंगातून सुटलेला माणूस आणि त्या भूमिकेत कोजी याकुशो, एवढं दोन्ही जपानी सिनेमांत सारखं. शोहेई इमामुरांचा ‘उनागी’ १९९७चा, कान चित्रपट महोत्सवात पाम द'ऑर हा सर्वोच्च पुरस्कार पटकावलेला. मिवा निशिकावांचा ‘सुबाराशिकी सेकाई’ २०२०चा.

‘उनागी’तला यामाशिता बायकोच्या खुनासाठी ८ वर्षं आत काढून येतो आणि आडगावात केशकर्तनालय थाटतो. मन मोकळं करतो ते फक्त पाळलेल्या वाम माशापाशी; तो बिचारा उलट बोलत नाही ना! सिनेमा मजेशीर, जरा चक्रम. पण बायकोचा खून ज्या सहजतेनं मागे पडतो, ते मला खटकलंच.

दुसऱ्यातला मिकामी जुना याकुझा, म्हणजे जपानी गुंडटोळीतला माणूस, १३ वर्षांनी बाहेर आलेला. त्याच्यापुढचे प्रश्न अगदी रोजचे: रक्तदाब, सरकारी मदतीवर जगण्याची लाज, मुदत संपलेलं ड्रायव्हिंग लायसन्स. दुकानदार त्याच्यावर चोरीचा संशय घेतो, तेव्हा हा पेटतो. पुढे त्याच दुकानदाराशी दोस्ती जमते. डोकं भडकलं की हात उचलायचा, ही त्याची जन्माची खोड. वृद्धाश्रमात नोकरी लागल्यावर एका सहकाऱ्याची टिंगल चालते आणि मिकामी हसून गप्प राहतो. हाणामारीपेक्षा ते हसूच बघवत नाही. सुधारला म्हणायचं की मोडला?

एकच बघणार असाल तर हा दुसरा बघा. ‘उनागी’ नंतर, निवांत रविवारी.