मॅट टाकीवरचा चीक आणि मेडिकलमधली बाटली

ज्यांच्या मोटरसायकलची पेट्रोलची टाकी मॅट, म्हणजे बिनचमकीच्या रंगाची आहे आणि गाडी आंब्याखाली लावण्यावाचून इलाज नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. टाकीवरचा चीक काढायची वस्तू म्हणजे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमध्ये मिळणारी अर्ध्या लिटरची साधी बाटली. माझी गाडी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, रंग स्टेल्थ ब्लॅक. आमच्या रत्नागिरीच्या अंगणात कलमाशिवाय दुसरी सावली नाही.

आधी टाकीवर काय पडलंय ते बघा. मोहोराच्या दिवसांत पडणारे बारीक चिकट ठिपके तुडतुडे या किड्यांचे असतात. ते साखरेचं पाणी. कोमट पाण्यात भिजवलेला फडका पाच-दहा मिनिटं वर ठेवला की सुटतात, बाटली उघडायचीसुद्धा गरज नाही. आंबा काढताना देठातून उडतो तो चीक वेगळा. त्यात तेल असतं, आंबटपणा असतो. अंगावर उडाला तर कातडी भाजते, आंब्याच्या सालीवर काळे डाग पाडतो, मग रंगाला कसा सोडेल? ओला असतानाच पुसून धुतला तर उत्तम. सुकला की मात्र ही बाटली काढा.

इंजिन गार, गाडी सावलीत. मायक्रोफायबरच्या फडक्याचा कोपरा या अल्कोहोलमध्ये भिजवून थेंबावर अर्धा मिनिट नुसता दाबून धरायचा. घासायचं अजिबात नाही. आधी कडा मऊ पडते, मग मधला भाग ढिला होतो आणि फडक्याला चिकटून वर येतो. कोपरा बदलून पुन्हा तेच, आणि शेवटी शाम्पूच्या पाण्याने धुवायचं. माझ्या टाकीवर ना चकाकी आली, ना पांढुरका डाग राहिला. मी या बाटलीवर बेहद्द खूश आहे.

पॉलिशच्या वाटेला मात्र कुणी जाऊ नका. मॅटचा वरचा थर मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो, त्यामुळे उजेड विखुरतो. पॉलिशने घासलं की तो सपाट होतो आणि तेवढाच भाग चमकायला लागतो. तो परत मॅट होत नाही, पार्ट नव्याने रंगवावा लागतो. शेजारच्या मुलाच्या नव्या गाडीला वॉशिंगवाल्याने न विचारता रबिंग कंपाउंड (खरखरीत पॉलिश) मारलं. टाकीवर पंजाएवढा चट्टा आहे, बघवत नाही. पेट्रोल आणि थिनरही नकोच.

फणसाच्या चिकापुढे ही बाटली कमी पडते. तिथे विळीला लावतो तेच खोबरेल, अगदी थेंबभर, आणि लगेच शाम्पू. नाहीतर तेलाची छटा राहते. स्टिकरपासूनही फडका लांब ठेवा, शाई ओढली जाते. पहिल्यांदा वापरताना सीटखालच्या कोपऱ्यात करून बघा. आणि घेताना लेबल वाचा, दुकानदार सॅनिटायझर हातात देतो. त्यात ग्लिसरीन असेल तर टाकीवर चिकट थर बसतो.