केबल काढली, फ्री डिश बसवली: कराडच्या एका घराचा हिशेब

निकाल आधीच सांगते, कारण ओळखीतल्या बऱ्याच जणी तेवढ्यासाठीच विचारतात. दूरदर्शनची फ्री डिश, म्हणजे महिन्याचे पैसे न भरता उपग्रहावरून वाहिन्या दाखवणारी गच्चीवरची थाळी, जरूर घ्या, पण घरात मराठी मालिका कोण आणि किती बघतं ते आधी नीट बघा. बातम्या, जुने सिनेमे, भारताचे क्रिकेटचे सामने, सकाळची भक्तिगीतं एवढ्यावर ज्या घरातला टीव्ही चालतो, त्या घराने केबलला एक रुपयाही देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. संध्याकाळी स्टार प्रवाह किंवा झी मराठी लागल्याशिवाय ज्यांच्याकडे स्वयंपाकाला सुरुवात होत नाही, त्यांनी मात्र पुढचं वाचून ठरवावं.

आम्ही कराडला राहतो. सासूबाई, हे, धाकटे भाऊजी, मी आणि दोन मुलं. खालच्या खोलीत माझं शिलाईचं काम चालतं. वरच्या टीव्हीच्या केबलचे महिन्याला साडेतीनशे आणि शिलाईच्या खोलीतल्या छोट्या टीव्हीचे दीडशे, असे महिन्याला पाचशे जायचे. वर्षाचे सहा हजार. अस्तराच्या एका ब्लाउजची शिलाई मी तीनशे घेते, तेव्हा वीस ब्लाउजांचे पैसे नुसते केबलला जात होते. हे एकदा वहीत मांडल्यावर मला गप्प बसवेना.

मग केबलच्या बिलाची फोड समजून घेतली. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१९ पासून नियम केला आहे की वाहिन्या एकेक निवडून घेता येतात, आणि प्रत्येक पैसेवाल्या वाहिनीची किंमत जाहीर असते. त्याशिवाय जोडणीचं म्हणून एक ठरावीक शुल्क असतं. त्याची कमाल मर्यादा तेव्हा १३० रुपये होती, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पुढे २०२० मध्ये तेवढ्याच पैशांत २०० वाहिन्या द्यायचं ठरलं, आणि २०२४ च्या जुलैत ट्रायने या शुल्कावरची मर्यादाच काढून टाकली. थोडक्यात, एकही पैसेवाली वाहिनी घेतली नाही तरी जोडणीचं शुल्क ठरलेलंच. त्यावर पॅक. आमच्या पॅकमध्ये इंग्रजी सिनेमांच्या वाहिन्या होत्या, आमच्या घरात कुणालाच न येणाऱ्या दोन भाषांतल्या वाहिन्या होत्या, आणि स्वयंपाकाच्या एका वाहिनीवर तर आमच्यापैकी कुणी कधी थांबलंही नव्हतं. वाहिन्या सुट्या निवडून द्या म्हटलं की केबलवाले म्हणायचे, “वहिनी, पॅक असाच येतो, सुटं घेतलं तर महाग पडेल.” काही वेळा ते खरंही असतं, पण निवडायचा हक्क ग्राहकाचा आहे आणि तो त्यांनी द्यायलाच हवा.

फ्री डिश मला नवीन नव्हती. माझं माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या बाजूला. तिथल्या वाड्यावस्त्यांवर केबलची तार कधी पोचलीच नाही. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ३३ वाहिन्यांवर सुरू झाली. आमच्या वस्तीवर पहिली थाळी बसली तेव्हाही तेच नाव होतं, आणि माझे वडील अजून तिला ‘डायरेक्ट’च म्हणतात. शहरात आलं की लोक तिच्याकडे गरिबाची डिश म्हणून बघतात, याचं मला वाईट वाटतं. ही प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेची, आपल्याच पैशांतून उभी राहिलेली सेवा आहे. ती वापरण्यात कमीपणा कसला?

फुकट कसं परवडतं, हे भाऊजींनी विचारलं होतं. खाजगी वाहिन्यांना फ्री डिशवर जागा हवी असेल तर त्या ई-लिलावात बोली लावतात आणि ते पैसे प्रसार भारतीला मिळतात. वाहिन्यांचं पोट जाहिरातींवर चालतं. त्यामुळे बघणाऱ्याला महिन्याचं काही द्यावं लागत नाही, जाहिराती मात्र भरपूर सोसाव्या लागतात. सिनेमाच्या ऐन रंगात आलेल्या प्रसंगी लांबलचक जाहिराती लागतात. मला शिवताना चालतं, ह्यांना चालत नाही.

आता खर्च. एमपेग-४ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा, बॉक्स ९००, थाळी आणि तिच्यासमोरचा संदेश पकडणारा एलएनबी मिळून ५००, तार पंधरा मीटर २१०, बसवायचे २५०. सगळे मिळून १८६०. शिलाईच्या खोलीसाठी दोन तोंडांचा एलएनबी टाकून घेतला आणि दुसरा बॉक्स आणला, त्याचे हजारभर वेगळे. एका थाळीवर दोन टीव्ही चालतात आणि दुसऱ्या टीव्हीचं महिन्याचं काही नाही, हा मोठा फायदा आहे. पहिल्या सहा महिन्यांतच सगळे पैसे वसूल झाले.

बॉक्स घेताना एक गोष्ट धरून ठेवा: एमपेग-४ चाच मागा. जुना एमपेग-२ चा स्वस्तात गळ्यात मारतात, पण त्यावर बऱ्याच वाहिन्या उमटतच नाहीत, आणि एचडी तर नाहीच. आणि ‘लाइफटाइम रिचार्ज’च्या नावाखाली कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. फ्री डिशला रिचार्ज नावाचा प्रकारच नाही. नवा टीव्ही घ्यायचा विचार असेल तर त्याच्या मागे उपग्रहाची तार लावायची जागा आहे का ते दुकानातच बघा. अनेक नव्या टीव्हींत ट्यूनर आतच असतो, मग बॉक्सही लागत नाही. आणि गच्चीवर जुन्या खाजगी डीटीएचची, म्हणजे पैसे भरून चालणाऱ्या डिशची, थाळी गंजत पडली असेल तर टाकू नका. बहुतेक वेळा तीच वळवून चालते, फक्त त्या कंपनीचा बॉक्स चालत नाही.

थाळी कुठे बसवायची याचाही विचार हवा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, पूर्वेकडे ९३.५ अंशांवर. आपल्या सातारा भागातून तो आग्नेयेला दिसतो, आणि आकाशात बराच वर, साठ अंशांच्या आसपास. थाळी दिसायला तितकं वर तोंड केलेली वाटत नाही, कारण तिचा आकारच वरून तिरके येणारे संदेश घेणारा असतो. बसवणाऱ्या मुलाने मला गच्चीत उभं करून हे समजावलं. शेजारच्या नारळाच्या झावळ्या नेमक्या त्याच दिशेला होत्या, म्हणून थाळी टाकीच्या चौथऱ्यावर घेतली. तुमच्याकडे आग्नेयेला आंबा, नारळ किंवा चारमजली इमारत असेल तर पैसे देण्याआधी बसवणाऱ्याला गच्चीत नेऊन दाखवा.

पावसाचं मात्र धरूनच चाला. उपग्रहाचे संदेश ‘कु-बँड’ नावाच्या लहरींवर येतात आणि धो-धो पावसात ते अर्धवट शोषले जातात, मग चित्र चौकोनी चौकोनी होतं नाहीतर जातंच. कुठल्याही खाजगी डीटीएचला हेच होतं. कराडला त्याचा त्रास थोडा, माहेरी जुलैत जास्त. आई तिथे पावसाळ्यात बातम्या रेडिओवरच ऐकते. आमच्या केबलला वाऱ्यापावसात खांबावरचं काही ना काही बिघडायचंच, म्हणून मला यात फार फरक जाणवत नाही.

आता ज्यासाठी ह्यांचा आणि भाऊजींचा सुरुवातीला विरोध होता ते क्रिकेट. इथे फ्री डिशने त्यांना जिंकून घेतलं. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण ते दाखवणाऱ्या खाजगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावंच लागतं, त्यात भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने येतात. आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हे मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणाऱ्या प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या डीटीएचवरच, म्हणजे फ्री डिशवरच, दाखवायचं. केबलवर दूरदर्शनची वाहिनी लावली आणि नेमका सामनाच दिसला नाही, असं ज्यांना झालंय त्यांना त्याचं कारण हे आहे. केबलवर त्यासाठी खेळाची पैसेवाली वाहिनी घ्यावी लागते. फ्री डिशवर तोच सामना डीडी स्पोर्ट्सला फुकट लागतो. भाऊजींना आधी खरं वाटेना. वेस्ट इंडिजविरुद्धचा सामना लागला तेव्हा ते स्वतः रिमोट घेऊन बसले आणि नंतर त्यांनीच दोन मित्रांच्या घरी डिश बसवून दिली. आयपीएल मात्र या कायद्यात नाही. ते बघायचं असेल तर मोबाइलचा आणि त्याच्या वर्गणीचा विचार वेगळा करावा लागतो.

आणि आता मालिका. फ्री डिशवर स्टार प्रवाह नाही, झी मराठी नाही, कलर्स मराठी नाही. आमच्या सासूबाईंच्या संध्याकाळच्या तीन मालिका यातच होत्या. केबल काढायच्या आधी मी त्यांच्याजवळ बसून स्पष्ट सांगितलं, “आई, टीव्हीवर या दिसणार नाहीत. चालेल का?” त्या म्हणाल्या, “दोन सोडते. एक मला लागतेच.” ती एक आम्ही भाऊजींच्या फोनवर ॲपमध्ये लावून देतो. ॲपची वर्गणी आणि रोजचा डेटा हा खर्च उरलाच, पण तो महिन्याच्या पाचशेच्या जवळपासही जात नाही. फोन उभा करायला स्टँड आणलाय, आवाजासाठी छोटा स्पीकर जोडलाय. तरी त्यांचे डोळे शिणतात, हे खरं आहे. ज्यांच्या घरी सासूबाई, आई एकट्या टीव्हीसमोर दिवस काढतात आणि मालिका हाच त्यांचा विरंगुळा आहे, त्यांचा विरंगुळा पैशांसाठी तोडू नका. अशा घरात केबल ठेवा, पण पॅक फेकून द्या आणि जोडणीच्या शुल्कावर हव्या त्या एक-दोन मराठी वाहिन्याच सुट्या घ्या. पॅकमध्ये घालायची वाहिनी १९ रुपयांपेक्षा महाग ठेवता येत नाही, त्यामुळे दोन मोठ्या मराठी वाहिन्या सुट्या घेतल्या तरी हिशेब बराच खाली येतो.

मराठीचं दुसरं काय मिळतं? सह्याद्री आहे, ती कुठेही जात नाही. संध्याकाळी सातच्या बातम्यांना आमच्याकडे आरडाओरडा नसतो, आठ माणसं एका पडद्यावर भांडत नसतात. जिल्ह्यातलं पाणी, पिकं, बाजारभाव शांतपणे कळतं. माझ्या वडिलांसारख्या शेतकऱ्याला तेवढंच हवं असतं. शेमारू मराठीबाणा, झी चित्रमंदिर अशा सिनेमांच्या मराठी वाहिन्याही फ्री डिशवर आलेल्या आहेत. पण खाजगी वाहिनी आज आहे म्हणून पुढच्या वर्षी असेलच असं समजू नका. लिलावानंतर, साधारण १ एप्रिलच्या सुमाराला यादी बदलते. २०१९ मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते, सोनी पल या लोकप्रिय हिंदी वाहिन्या इथून गेल्या, २०२० मध्ये परत आल्या आणि १ एप्रिल २०२२ ला पुन्हा एकत्र गेल्या. तेव्हा माहेरच्या वस्तीवरच्या बायका आठवडाभर हळहळत होत्या. एप्रिलमध्ये बॉक्सच्या मेनूत जाऊन ऑटो स्कॅन करा, नवी यादी आपोआप येते. त्यासाठी कुणाला शंभर रुपये देऊन घरी बोलवायची गरज नाही, माझा सातवीतला मुलगा दोन मिनिटांत करतो.

मुलांसाठी इयत्तावार अभ्यासाच्या सरकारी वाहिन्या आहेत. मोठीने दहावीत गणितासाठी त्या बघितल्या. शिकवणी लावली होतीच, पण एखादा धडा पुन्हा ऐकायला त्या बऱ्या पडल्या. बघायला रंगीबेरंगी नाहीत, शिकवणं मात्र सरळ आहे.

माझी स्वतःची आवडती गोष्ट सांगायची तर आकाशवाणी. टीव्हीच्या त्याच बॉक्सवर आकाशवाणीच्या चाळीसहून अधिक वाहिन्या लागतात, विविध भारतीसुद्धा. शिलाई मशीन चालू असताना पडद्याकडे बघायला मला वेळ कुठे असतो? दुपारी विविध भारती लावते, जुनी गाणी खरखरीशिवाय, स्वच्छ ऐकू येतात. नेहमीच्या गिऱ्हाईक बायका मापं द्यायला येतात आणि गाणं संपेपर्यंत बसून राहतात. ज्यांच्याकडे घरातून काम चालतं, त्यांना याची किंमत कळेल.

ज्यांच्याकडे स्मार्ट टीव्ही आणि वायफाय आहे त्यांनी प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे ॲपही बघावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं. दूरदर्शनच्या वाहिन्या आणि जुने कार्यक्रम त्यावर मिळतात. आमचा टीव्ही जुना, म्हणून आम्ही ते फोनवरच लावतो.

केबल बंद करताना त्यांचा बॉक्स परत द्या आणि परत दिल्याची पावती सहीसकट घ्या. आमच्या गल्लीत एका घरी पावती नव्हती म्हणून नंतर बॉक्सच्या पैशांवरून वाद झाला. फ्री डिशचा बॉक्स घेतानाही पक्कं बिल मागा आणि दुकानातच टीव्हीला जोडून डीडी स्पोर्ट्स आणि सह्याद्री लावून दाखवायला सांगा. दोन्ही स्वच्छ दिसल्या तरच पैसे द्या.