दुरंगी बिल छापणारा थर्मल प्रिंटर: चार महिन्यांच्या वापरानंतर

साताऱ्यात आमचे मिठाईचे दुकान आहे आणि बिलिंगचा प्रोग्राम मी स्वतः लिहिला आहे. ‘या तारखेच्या आत संपवावे’ ही ओळ गिऱ्हाइकाच्या चटकन नजरेत भरावी, म्हणून ती लाल छापायचे ठरवले आणि ८० मिलिमीटर रोलचा, दोन रंगांची सोय असलेला थर्मल प्रिंटर घेतला.

थर्मल प्रिंटरमध्ये शाई नसते; हेडवरील, म्हणजे छापणाऱ्या पट्टीवरील, बारीक ठिपके तापतात आणि कागदावरचा लेप त्या उष्णतेने काळा पडतो. दुरंगी रोलवरचा लेप कमी उष्णतेला लाल आणि जास्त उष्णतेला काळा होतो, त्यामुळे साध्या रोलवर रंगाची कोणतीही कमांड पाठवली तरी लाल उमटणे शक्य नाही. हे मला आधी माहीत नव्हते. ‘कलर ग्राफिक्स चालते’ या आश्वासनावर पूर्वी घेतलेल्या स्वस्त यंत्राला तर रंगीत चित्राची कमांडच कळत नव्हती. चित्राचे बाइट त्याने अक्षरे समजून छापले आणि हातभर कागदावर चिन्हांचा नुसता गिचमिड मजकूर बाहेर पडला.

नव्या प्रिंटरला एप्सनने तयार केलेली ईएससी/पीओएस ही आज्ञावली नीट समजते. २७, ११४, १ हे तीन बाइट पाठवले की पुढचा इंग्रजी मजकूर लाल होतो आणि शेवटचा आकडा ० केला की पुन्हा काळा. मात्र प्रिंटरच्या आत देवनागरी लिपीच नाही, त्यामुळे मराठी बिल जोडाक्षरांसह अचूक हवे असेल, तर ते संपूर्ण चित्र म्हणूनच पाठवावे लागते.

त्यासाठी २९, ४०, ७६ ने सुरू होणारी ग्राफिक्सची कमांड वापरावी लागते. तिच्यात रंगाच्या जागी ४९ दिले की पहिला रंग आणि ५० दिले की दुसरा, म्हणजे काळ्या ठिपक्यांचा थर आधी, लाल ठिपक्यांचा थर नंतर आणि शेवटी छापण्याची वेगळी आज्ञा, असा क्रम ठेवावा लागतो. एका ओळीत ५७६ ठिपके असतात, म्हणजे ७२ बाइट. ठिपक्यांच्या अशा २४० ओळींच्या बिलाचा एक थर १७,२८० बाइटांचा आणि दोन्ही मिळून ३४,५६० बाइटांचा होतो. सिरियल केबलवर सेकंदाला ९६०० बिट (एका बाइटला दहा बिट) या वेगाने एवढा मजकूर जायला ३६ सेकंद लागतात, आणि संध्याकाळच्या गर्दीत गिऱ्हाईक एवढा वेळ थांबत नाही. यूएसबीवर ही अडचण राहिली नाही. लाल थर फक्त तारखेच्या ओळीपुरता पाठवायला लागल्यापासून कामही बरेच हलके झाले.

छपाईविषयी माझे मत चांगले आहे. लाल ओळ काउंटरच्या पलीकडूनही वाचता येते. जाड काळ्या अक्षरांच्या कडेला, जिथे उष्णता अर्धवट पोहोचते, तिथे किंचित लालसर झाक राहते. बारीक अक्षरांत ती खुपते, म्हणून मी मजकुराचा आकार वाढवला. पेढ्यांचे छायाचित्र छापण्याचा प्रयत्न मात्र फसला. या यंत्राला मधल्या छटा नाहीत, ठिपक्यांच्या दाटीवरच छटांचा भास निर्माण करावा लागतो आणि लाल रंगात तो भास डागाळलेला दिसतो. सपाट बोधचिन्ह आणि ठळक ओळ यांपलीकडे अपेक्षा ठेवू नये.

खरी अडचण रोलची आहे. दुरंगी रोल साध्यापेक्षा महाग पडतो आणि आमच्या इथल्या दुकानांत मिळत नाही, तो पुण्याहून मागवावा लागतो. तो संपल्यावर एकदा साधा रोल घातला आणि प्रिंटरच्या सेटिंगमधला कागदाचा प्रकार बदलायचा राहून गेला, तेव्हा तारखेची ओळ इतकी फिकट राखाडी छापली गेली, की जी सर्वांत ठळक दिसायला हवी होती तीच वाचता येईना. आता प्रोग्राम रोज सकाळी लाल पट्टीची एक चाचणी छापतो आणि ती पाहिल्याशिवाय मी पहिले बिल काढत नाही.