पी-६४ ‘कॅरी’साठी बदलून घेताय? आधी हे वाचा

टेक्सासमधल्या गन शोमध्ये पूर्व युरोपातली जुनी लष्करी पिस्तुलं ‘कॅरी’साठी, म्हणजे रोज अंगावर बाळगण्यासाठी, तयार करून देणारे लोक भेटतात. त्यांतल्या एकाने माझ्याकडून ६४० डॉलर आगाऊ घेतले आणि माझं चांगलं चालणारं पी-६४ धोकादायक करून परत दिलं. त्याचं नाव इथे देत नाही, पण त्याची पद्धत सविस्तर सांगतो, कारण आमच्या मराठी मंडळातलेच दोघं त्याच्याकडे पैसे भरायच्या बेतात होते.

पी-६४ हे पोलंडचं पिस्तूल. १९६५ मध्ये तिथल्या सैन्याने ते स्वीकारलं आणि राडोमच्या कारखान्यात ते बनलं. पूर्ण पोलादी, सहा गोळ्यांचं मॅगझिन, रिकामं वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. शीतयुद्ध संपलं, १९९९ मध्ये पोलंड नाटोत गेला आणि ही पिस्तुलं सरप्लस, म्हणजे सैन्याने काढून टाकलेला माल, म्हणून अमेरिकेत आली. एके काळी ती दोनशे डॉलरच्या आत मिळायची. खिशात मावेल एवढं लहान, पोलादी आणि स्वस्त, त्यामुळे शर्टाखाली बाळगायला हेच बरं असं कुणालाही वाटतं.

अडचण एकच, पण मोठी. हॅमर (सुईवर आदळणारा मागचा घोडा) खाली असताना पहिली गोळी झाडायची तर ट्रिगर वीस पौंडांहून जास्त जोराने ओढावा लागतो. आजच्या पिस्तुलांना पाच-सहा पौंड पुरतात. एवढ्या जोराने बोट ओढताना नळी हलते आणि नेम चुकतो. संकटात पहिलीच गोळी महत्त्वाची, आणि नेमकी तीच सर्वांत अवघड. म्हणून लोक स्प्रिंग बदलून घेतात, आणि तिथेच या धंदेवाल्यांचं फावतं.

माझं औषधांचं दुकान आहे, ते रात्री उशिरा बंद होतं. पार्किंगपर्यंत रोकड घेऊन एकट्याने जावं लागतं. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात पिस्तूल जवळ बाळगायला वेगळा परवाना लागत नाही, तरी मी प्रशिक्षण घेऊन लायसन्स टू कॅरी काढलं होतं. या माणसाच्या स्टॉलवर काळी कुळकुळीत, गोलसर कडांची पिस्तुलं मांडलेली होती. बोलणं अतिशय गोड. ‘कॅरी पॅकेज’मध्ये नवी हॅमर स्प्रिंग, नवी रिकॉइल स्प्रिंग (गोळी सुटल्यावर मागे आलेला वरचा भाग पुन्हा पुढे ढकलणारी), ट्रिगर हलका करणं, कपड्यात अडकणाऱ्या कडा गोल करणं, वरून सिरॅमिक लेप आणि शेवटी दोनशे होलो पॉइंट (टोकाशी पोकळ) गोळ्या झाडून चाचणी. कार्ड चालत नाही म्हणाला, झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) पाठवा, तीन टक्के वाचतील. मागे भिंतीवर फ्रेममध्ये फेडरल फायरआर्म्स लायसन्स, म्हणजे शस्त्रांचा धंदा करायचा केंद्रीय परवाना, लावलेलं होतं.

ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिराने पिस्तूल परत आलं. दिसायला देखणं होतं. रेंजवर नेलं तर पहिल्या मॅगझिनमध्येच दोनदा नुसता खट् आवाज झाला, गोळी सुटली नाही. काडतुसाच्या प्रायमरवर (तळाशी असलेली, ठोक्याने पेटणारी टोपी) सुईचा जेमतेम खळगा उमटला होता. झाडलेल्या गोळ्यांची कोशं, म्हणजे रिकामी पितळी टरफलं, पूर्वीपेक्षा बरीच लांब जाऊन पडत होती. मी तिथेच थांबलो, पिस्तूल रिकामं केलं आणि दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या गनस्मिथकडे नेलं. हा आयुष्यभर लष्करी पिस्तुलांवर काम केलेला माणूस आहे. त्याने जे दाखवलं ते प्रत्येकाने नीट समजून घ्यावं, म्हणून सावकाश सांगतो.

त्याने स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) काढून उलटी धरली आणि भिंगातून ब्रीच फेस दाखवला. म्हणजे काडतुसाचा तळ जिथे टेकतो तो सपाट भाग, ज्याच्या मधोमध सुईचं भोक असतं. गोळ्या झाडल्या की त्या भोकाभोवती पितळेची आणि प्रायमरची गोल खूण उमटत जाते. माझ्या पिस्तुलात लेप तिथवर गेलेला होता आणि जवळपास अखंड होता, फक्त रेंजवर मी झाडलेल्या काही गोळ्यांची पुसट खूण तेवढी दिसत होती. काडतूस नळीत चढतं त्या उतारावरही लेप जशास तसा. तो म्हणाला, ‘लेप दिल्यावर यातून दोनशे गोळ्या गेल्या असतील तर मी माझं दुकान बंद करतो.’

मग त्याने पावती मागितली. पावतीवर चाचणीच्या गोळ्यांचा प्रकार लिहिला होता: ९ मिमी लुगर, १२४ ग्रेन, होलो पॉइंट. पी-६४ चं काडतूस आहे ९ बाय १८ मकारॉव्ह. लुगरचं कोश एक मिलिमीटर जास्त लांब, आणि पूर्ण काडतूस तर पाचेक मिलिमीटर लांब. ते पी-६४ च्या मॅगझिनमध्ये बसतच नाही. गोळीचा व्यासही वेगळा, मकारॉव्हचा ९.२७ आणि लुगरचा ९.०१ मिलिमीटर. ज्याने ही पावती लिहिली त्याने चाचणी तर केली नव्हतीच, वर या पिस्तुलात काय घालतात हेही त्याला ठाऊक नव्हतं. आणि अशा माणसाने त्याचा ट्रिगर उघडून कामं केली होती.

आतली हॅमर स्प्रिंग नवी नव्हती. जुनीच वेटोळी कापून आखूड केली होती, कापलेलं टोक बोटाला टोचत होतं. रिकॉइल स्प्रिंगही जुनीच. पावतीत दोन्हींचे पैसे लावलेले. या पिस्तुलाची नळी स्थिर असते, ब्लोबॅक पद्धतीची. गोळी सुटताना स्लाइडला मागे येण्यापासून रोखतात त्या तीन गोष्टी: स्लाइडचं वजन, रिकॉइल स्प्रिंग आणि हॅमर स्प्रिंगचा दाब. हॅमर स्प्रिंग वाटेल तशी कापली की सुईचा ठोका कमकुवत होतो आणि स्लाइडही जास्त वेगाने मागे आदळते. खट् आवाज का आला आणि कोशं लांब का उडाली, दोन्हींचं उत्तर तिथे होतं. जुन्या लष्करी गोळ्यांचे प्रायमर तर आणखी कडक असतात.

सर्वांत भयंकर गोष्ट त्याने शेवटी दाखवली. चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे दोघांनी पाहून घेतलं. त्याने हॅमर मागे ओढून ठेवला आणि ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने हॅमरला पुढे नुसता रेटा दिला. हॅमर सटकला. हॅमरला मागे धरून ठेवणारा जो छोटा दात असतो, सिअर, तो ‘ट्रिगर हलका’ करण्याच्या नावाखाली घासून जवळजवळ संपवला होता. गोळी भरलेलं असतं आणि धक्का बसला असता तर काय झालं असतं, हे मी बायकोला घरी सांगू शकलो नाही. ते माझ्या कमरेला, दुकानात, गिऱ्हाइकांच्या आणि त्यांच्या पोरांच्या मधे असणार होतं.

पिस्तुलाची किंमतही गेली. पन्नास वर्षांहून जुनं आणि मूळ रूपातलं शस्त्र अमेरिकेच्या कायद्यात ‘क्युरिओ अँड रेलिक’ धरलं जातं, आणि त्याचे संग्राहक वेगळा परवाना काढून अशी पिस्तुलं घेतात. कडा घासल्या, लेप दिला, की मूळ रूप संपलं. माझं मूळ मॅगझिनही बदललेलं होतं, ते त्याने कुणाला विकलं असणार. चांगल्या अवस्थेतलं मॅगझिन आज सहज मिळत नाही.

आपली माणसं यात लवकर का सापडतात याचा मी खूप विचार केला. महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेकांनी पिस्तूल पाहिलेलं असतं ते फौजदाराच्या कमरेला, आणि बंदूक बँकेच्या रखवालदाराच्या खांद्याला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळणं सोपं नाही, त्यामुळे घरात कुणी शिकवणारा नसतो. इथे एकदम हातात शस्त्र येतं आणि समोरचा ठामपणे बोलला की त्याला जाणकार समजलं जातं. गाडीच्या मेकॅनिकला आपण जुना पार्ट दाखव म्हणतो. गनस्मिथला म्हणायला मात्र संकोच वाटतो. म्हणायलाच हवं. काढलेले सगळे जुने भाग आणि चाचणीची रिकामी कोशं पिशवीत घालून परत मागा. खरा कारागीर ती न मागता देतो, आणि ट्रिगरचं वजन कामाआधी किती होतं व नंतर किती झालं ते मोजून पावतीवर लिहितो.

माझं स्पष्ट मत असं, की रोज बाळगायचं असेल तर सरप्लस पिस्तुलात बदल करूच नयेत. ६४० डॉलरमध्ये आजचं नवं लहान पिस्तूल येतं, कंपनीच्या वॉरंटीसकट. २०१८ मध्ये आलेलं सिग पी३६५ पी-६४ एवढंच लहान आहे, त्यात दहा गोळ्या मावतात आणि गोळ्या कुठेही मिळतात. पी-६४ आवडत असेल तर आहे तसं ठेवा, रेंजवर चालवा. फार तर एखाद्या नावाजलेल्या कंपनीची तयार स्प्रिंग जाणकाराकडून बसवून घ्या आणि मग भरपूर गोळ्या झाडून तपासा. सिअरला कुणालाही हात लावू देऊ नका.

एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांसाठी: फेडरल कायद्याने तुम्हाला शस्त्र बाळगायला मनाई आहे, शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. या माणसाने मला माझं स्टेटस एकदाही विचारलं नाही, इतरांनाही विचारत नसणार. सापडलात तर तुरुंग आणि हद्दपारी तुमच्या वाट्याला येईल, त्याच्या नाही.

भिंतीवरचं लायसन्स दुसऱ्याच दुकानाचं निघालं, तेही मुदत संपलेलं. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. एटीएफच्या (हे लायसन्स देणारं फेडरल खातं) ‘एफएफएल ईझी चेक’ या वेबसाइटवर लायसन्स नंबरचे पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक टाकले की नाव, पत्ता आणि मुदत दिसते. पिस्तूल रात्रभर ठेवून घेणाऱ्या गनस्मिथला त्याची नोंद वहीत करावी लागते. तुमच्यासमोर नोंद करायला सांगा, टाळाटाळ केली तर पिस्तूल उचलून चालू लागा.

झेलने गेलेले पैसे बँकेने परत दिले नाहीत. क्रेडिट कार्डने भरले असते तर स्टेटमेंट आल्यापासून साठ दिवसांत लेखी तक्रार करता येते, म्हणूनच या लोकांना कार्ड नको असतं. मी रजिस्टर पत्राने पैसे मागितले, उत्तर आलं नाही, मग जस्टिस कोर्टात दावा लावला. टेक्सासात तिथे वीस हजार डॉलरपर्यंतचे दावे वकिलाशिवाय चालतात. म्हाताऱ्या गनस्मिथने लेखी अहवाल दिला, ब्रीच फेसचे फोटो दिले. न्यायाधीशांपुढे मी लुगर आणि मकारॉव्हची दोन बनावट, बारूद नसलेली काडतुसं शेजारी शेजारी ठेवली आणि पावती वाचून दाखवली. निकाल माझ्या बाजूने लागला. वसुली अजून बाकी आहे. मंडळातल्या त्या दोघांपैकी एकाने पैसे भरले नाहीत. दुसऱ्याचं पिस्तूल त्याच्याकडेच अडकलंय, तोही आता दावा लावतोय, आणि माझ्या निकालाची प्रत मी त्याला दिली आहे.